चौथ्या मजल्यावरच्या मेंबर

कुणी रडत आलं की मेंबर आधी विचारायच्या, "हे रडणं कोणत्या हेडखाली?"

नवं माणूस दचकायचंच. एक तर रडून नाक लाल झालेलं, त्यात ही बाई हेड विचारतेय. आम्हाला मात्र सवय झाली होती. "नवऱ्याच्या" म्हटलं की त्या पाट सरकवायच्या आणि चहाचं आधण ठेवायच्या. "पाण्याच्या" म्हटलं की पायात चपला घालायच्या. नवऱ्याच्या हेडला बसून ऐकावं लागतं आणि पाण्याच्या हेडला लगेच निघावं लागतं, असा त्यांचा हिशोब.

हेड म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई कुठलं बोलतेय. महापालिकेत पैसा नुसता पैसा म्हणून नसतो. रस्त्याचा पैसा वेगळा, दिव्यांचा वेगळा, गटारीचा वेगळा. प्रत्येकाचं आपापलं खातं, त्याला तिथली माणसं हेड म्हणतात. दिव्याच्या हेडमधून गटार होत नाही, मग गटार कितीही तुंबलेली असो. आणि हेड असून भागत नाही, त्यात त्या वर्षाची तरतूद पाहिजे. हे सगळं मला कुणी शिकवलं? मेंबरनीच. माझं शिक्षण चौथी. शाळेत मी होते पण खिचडी शिजवायला. बाकी जे काही चार शब्द वाचते-लिहिते, ते माझं मी शिकले, आणि पालिका कशी चालते ते नळावर उभं राहून मेंबरकडून.

त्यांचं नाव वत्सलाबाई. नगरसेविका होत्या त्या एकदाच, पाच वर्षं. पुढच्या वेळी वॉर्डाचं आरक्षण बदललं, हद्दी बदलल्या, आमची वस्ती मधोमध कापून दोन वॉर्डांत गेली आणि त्यांची खुर्ची गेली. नाव मात्र राहिलं. रिक्षावाला मेंबर म्हणायचा, दवाखान्यातली नर्स मेंबर म्हणायची, ज्यांनी मत दिलं नव्हतं तेही मेंबरच म्हणायचे. मला वाटतं शेवटी शेवटी त्यांनाही वत्सलाबाई म्हटलं असतं तर त्यांनी मागे वळून बघितलं नसतं.

मेंबर व्हायच्या आधी त्या पंचवटीत घाटावर फुलांची पाटी घेऊन बसायच्या. नवरा गेलेला, एक मुलगी, ती येवल्याला दिलेली. पक्षाची माणसं वस्तीत बाई उमेदवार शोधत आली तेव्हा ह्या दाराशी हार ओवत बसल्या होत्या. दोऱ्याचं टोक दातात. ती माणसं बराच वेळ बोलली, ह्या नुसती मान हलवत राहिल्या, कारण तोंड उघडलं असतं तर दोरा सुटला असता. त्यांना वाटलं, वा, ही बाई बोलत नाही, हीच बरी. हे सांगताना मेंबर स्वतःच इतक्या हसायच्या की डोळे पुसावे लागायचे. "सुमन," म्हणायच्या, "एका दोऱ्यापायी पार्टी फसली बघ माझ्यात."

निवडून आल्यावर त्यांना बजेटचं पुस्तक मिळालं. जाडजूड. त्या ते घेऊन सरळ लेखा विभागात गेल्या आणि विचारलं, "आमच्या वस्तीचं पान कुठलं?" तिथली माणसं हसली नाहीत म्हणे, पण एकमेकांकडे बघितलं त्यांनी. वस्तीचं असं पान नसतंच. वस्ती पानापानांत सांडलेली असते, थोडी पाण्यात, थोडी दिव्यात, थोडी गटारीत. एक म्हातारे साहेब होते, रिटायर व्हायला आलेले, त्यांनी खुर्ची दिली. मग दर मंगळवारी मेंबर त्या विभागातल्या गणपतीच्या तसबिरीला हार घालायच्या निमित्ताने जायच्या आणि तासभर बसून यायच्या. गणपतीला हार मिळाला, बाईला बजेट कळलं. पहिलं वर्ष त्यांचं असंच गेलं.

आणि मंगळवारी जे कळलं ते बुधवारी आमच्या नळावर.

आमच्या वस्तीला एकच नळकोंडाळं. सकाळी पाणी यायच्या आधी हंडे रांगेला लागायचे आणि हंड्यांमागे आम्ही. तिथे मेंबरचा वर्ग भरायचा. घरकुलाची योजना मंजूर झाली त्या वेळचं सांगते. सगळ्यांचा एकच प्रश्न, "मेंबर, घरं कधी?"

मेंबरनी समोरचा हंडा दाखवला. "हे बघा, घराचा पैसा एका ठिकाणाहून येत नाही. थोडा दिल्लीचा, थोडा मुंबईचा, थोडा आपल्या पालिकेचा, आणि थोडा आपला. दिल्लीवाले सगळा एकदम देत नाहीत, हप्त्याहप्त्याने देतात. नळाखाली एक हंडा भरला की तो उचलायचा, तेव्हाच दुसरा लागतो. उचललाच नाही तर?"

"पाणी वाहून जाईल," कुणीतरी म्हणालं.

"वाहून नाही जात, नळच बंद होतो. पहिला पैसा कुठे लावला ते पालिकेने लिहून दाखवायचं, मग पुढचा हप्ता. म्हणून भिंत दिसत नाही तोवर ओरडू नका, आणि भिंत दिसली की ओरडायचं सोडू नका."

शेवंता पापडवाली पलीकडच्या गल्लीतली. तोंडाची मोठी फटकळ. ती म्हणाली, "ते सगळं हाय मेंबर, पण गरिबाचा वाटा कशाला? सरकार देतं तर पुरतं द्यावं की. आमच्याकडून कशाला काढता?"

"तुझा वाटा नसला तर घर त्यांचं, शेवंता, आणि तू पाहुणी. पाहुण्याला कधीपण म्हणता येतं, निघा आता."

शेवंता गप्प बसली. म्हणजे त्या दिवसापुरती.

आणखी एक सवय होती त्यांची. आमच्या वस्तीत दिव्याचे खांब त्यांनी आपल्या निधीतून लावून घेतले होते. येता-जाता त्या प्रत्येक खांबाला तळहाताने एक थाप द्यायच्या. म्हशीच्या पाठीवर देतात ना, तशी. मी एकदा म्हटलं, "अहो, लोक वेडं म्हणतील." तर म्हणाल्या, "म्हणू देत. पदर पसरून आणलेत एकेक. जागेवर आहेत का बघते." त्यांच्या हाताला झेंडूचा वास असायचा, आणि कुठल्या खांबाला वास येतो त्यावरून मेंबर नुकत्याच गेल्या का, ते आमच्या गल्लीला कळायचं. मी थट्टा करत नाही. उन्हाळ्यात खरंच यायचा.

आमची घरं भिंतीला भिंत लागून. त्यांना रात्रीबेरात्री ठसका लागला की मी इकडून म्हणायची, "पाणी प्या." त्या तिकडून म्हणायच्या, "प्यायले." बाकी बोलणं नाही. असं किती वर्षं चाललं कोण जाणे.

घरं बांधून झाली तोवर त्यांची मेंबरकी संपली होती, पण योजनेचे साहेब कुठल्याही कामाला आधी त्यांनाच बोलवायचे. साहेब तरुण होते, भले होते. समाजमंदिरात दुपारची बैठक ठेवली त्यांनी. निम्म्या वस्तीची घरं तयार होती. उरलेली निम्मी माणसं पत्र्याच्या शेडमध्ये राहणार, त्यांच्या बिल्डिंगा पुढच्या हप्त्यातून व्हायच्या होत्या. साहेब म्हणाले, "मेंबर, माझ्या मनात आहे की घरं गल्लीवार द्यावीत. एक गल्ली, एक बिल्डिंग. म्हणजे शेजारी शेजारीच राहतील."

आम्हाला काय, आम्ही माना डोलावल्या. तेवढ्यात शेवंता उभी राहिली.

"आणि तळमजला कुणाला? मेंबरच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या खाली आणि आमच्या म्हाताऱ्या माडीवर, असंच ना? गल्लीवार म्हणजे वशिल्यावार! आम्ही काय खुळे हाय का?"

एकदम गोंधळ झाला. ही म्हणते माझ्या सासूचे गुडघे, ती म्हणते माझ्या पोटात पोर. कुणी म्हणालं मेंबरनी आपलं घर आधीच ठरवून ठेवलंय. कुणी म्हणालं ते कुणी म्हटलं ते दाखवा. मी मेंबरकडे बघितलं. त्यांचा चेहरा असा झाला होता, जसा कुणी भर बाजारात पदर ओढल्यावर होईल. त्या हळूच उठल्या.

"साहेब, सोडत काढा. घरागणिक चिठ्ठी. गल्ली नाही, ओळख नाही, वय नाही. माझीपण चिठ्ठी त्याच मडक्यात."

साहेब म्हणाले, "मेंबर, विचार करा. एकदा चिठ्ठी निघाली की बदलता येणार नाही."

"केला विचार."

चिठ्ठ्या काढायला शेडमध्ये जाणाऱ्यांतल्या भागाआजीला बसवलं. भागाआजीला डोळ्यांनी दिसत नव्हतं, आणि तिला दिसत नाही हे सगळ्यांना दिसत होतं, त्यामुळे शेवंतालाही बोलायला जागा उरली नाही. मडक्यात हात जाई, चिठ्ठी निघे, साहेब मोठ्याने वाचत, टाळ्या पडत. मला दुसरी बिल्डिंग, तळमजला. माझ्या शेजारी कोण, तर शेवंता! ती तिथेच नाचली. मेंबरची चिठ्ठी बरीच उशिरा निघाली. शेवटची बिल्डिंग, चौथा मजला. लिफ्ट कुठल्याच बिल्डिंगला नव्हती. त्यांनी चिठ्ठीची घडी घातली, कमरेला खोचली आणि म्हणाल्या, "वा. वरून सगळं दिसेल."

खरं काय झालं ते संध्याकाळी नळावर कळलं. "तू कुठं?" "मी सातात. तू?" "मी तीनात. आणि ती?" "ती मागच्या लायनीला." हंडे भरत होते आणि बायका एकमेकींना नंबर सांगत होत्या. हळूहळू बोलणं थांबलं. तेव्हा कुठे आमच्या ध्यानात आलं की उद्या पाणी घरातल्या नळाला येणार आणि ह्या रांगेत परत कुणी उभं राहणार नाही.

नवी कॉलनी शहराच्या कडेला, मळ्यांना लागून. एका बाजूला फ्लॉवर-कोबीची वावरं आणि दुसऱ्या बाजूला आम्ही. घरं चांगली होती, मी खोटं बोलणार नाही. संडास घरात, नळ घरात, दाराला कडी. पहिली घरपट्टी आली तेव्हा लोक कुरकुरले, तर मेंबर जिने उतरून आल्या आणि म्हणाल्या, "अरे, पेढे वाटा! पालिकेच्या कागदावर नाव आलं तुमचं." तेव्हा गुडघे साथ देत होते त्यांचे. आमच्या बिल्डिंगपर्यंत यायच्या, वाटेत खांबांना थापा द्यायच्या, जरी हे खांब त्यांचे नव्हते तरी.

मग दोन दिवसांनी यायला लागल्या. मग आठवड्याने. मग मीच जायला लागले.

त्यांच्या मजल्यावर योजनेतल्याच दुसऱ्या वस्तीतली माणसं आलेली. वाईट नव्हती. नवरा-बायको दोघं कंपनीत जाणारी, सकाळी कुलूप, रात्री कुलूप उघडायचं, थकून झोपायचं. मेंबर दार दिवसभर उघडं टाकून बसायच्या. उंबऱ्यासमोर खुर्ची, तोंड जिन्याकडे. पावलं वाजली की पदर सारखा करायच्या. पावलं तिसऱ्या मजल्यावर थांबायची. एकदा मी गेले तर म्हणाल्या, "सुमन, इथं खोकला वाया जातो गं."

मला पटकन कळलंच नाही. खाली उतरून अर्ध्या वाटेवर आले तेव्हा कळलं आणि मी तिथेच एका कट्ट्यावर बसले.

आता शेवंताचं सांगते. तिला तळमजला मिळाला आणि तिची पंचाईत झाली. पापड-कुरडया वाळवायला तिला गच्ची पाहिजे. खाली धूळ, कुत्री, पोरांचे क्रिकेटचे चेंडू. ओले पापड डोक्यावर घेऊन चार मजले चढायची आणि आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर टाकायची तर वरच्या मजल्यावाल्यांशी रोज भांडण. एक दिवस ती माझ्याकडे आली. "सुमनबाई, मेंबरना वर चढवत नाही, मला खाली जमत नाही. त्यांची गच्ची त्यांच्या डोक्यावरच आहे. करू की अदलाबदल! त्या तुमच्या शेजारी येतील."

मला काय झालं सांगू! मी तशीच गेले. चार मजले मला कळले नाहीत. मेंबर, म्हटलं, उठा, सामान बांधा, पुन्हा भिंतीला भिंत!

त्यांचा चेहरा उजळला. खरंच उजळला, मी बघितलंय. त्यांनी लगेच विचारलं, "तुझ्या बाजूची भिंत कुठली? स्वयंपाकघराची का झोपायची?" मी म्हटलं झोपायची. त्यांनी आपल्या भिंतीकडे एकदा बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "नाही जमायचं."

"का?"

"नियम आहे. विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, बदलायचं नाही. सरकारी पैसा आहे त्यात. मीच सांगितलंय सगळ्यांना नळावर."

"अहो, पाचव्या बिल्डिंगमध्ये दोघांनी केलीय बदली. कोण बघतंय?"

"बघायला येणारेत. पाहणी व्हायचीय. चिठ्ठीत ज्याचं नाव तोच माणूस घरात आहे का, हे दारोदार बघतील, मग शेवटचा हप्ता सुटेल. पत्र्याच्या शेडमधली माणसं त्या हप्त्यावर बसलीत, सुमन. भागाआजी तिथेच आहे. पाचवीतल्यांना आजच सांग परत आपापल्या घरी जायला. मेंबरच्याच घरात पापड वाळत असले तर मी काय तोंडाने सांगू?"

"म्हणजे भागाआजीने तुम्हाला इथे बसवलं आणि तिच्यासाठी तुम्ही इथेच बसणार?"

"तिला दिसत नव्हतं, तिचा काय दोष?" असं म्हणून हसल्या. मला हसू आलं नाही. मी रागाने जिना उतरले. वरून आवाज आला, "शेवंताला सांग, थांब म्हणावं! शेडवाल्यांची घरं होऊ दे, मग रीतसर अर्ज करू!"

शेवंता हो म्हणाली. पाहणी झाली. मेंबरनी दारात खुर्ची टाकून, आधार कार्ड मांडीवर ठेवून वाट बघितली, जसं काही स्थळ येणार होतं. साहेब स्वतः चढून आले. मी त्या दिवशी तिथेच होते. चहा झाला. साहेब म्हणाले, "मेंबर, एक चांगली बातमी. शेवटच्या टप्प्यातली घरं गल्लीवारच द्यायचं ठरलंय. सोडत गल्लीची, घराची नाही. तुमच्या लोकांचे हाल बघून मीच शेरा मारला."

"बरं केलंत," मेंबर म्हणाल्या. "फार बरं केलंत."

साहेब गेल्यावर बराच वेळ त्या कपबशा आवरत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "चहात साखर घातली होती का गं मी?"

मी विचारलं, "चिठ्ठ्यांचा पस्तावा होतो?"

"नाही. परत वेळ आली तरी मडकंच मांडीन. शेवंता चारचौघांत बोलली, ते खोटं करायचं दुसरं काय होतं माझ्याकडे? पण..." त्या कप विसळता विसळता थांबल्या. "दिव्याला हेड होतं, गटारीला होतं, भिंतीला होतं, सुमन. शेजाराला हेड नव्हतं गं. माझ्या लक्षातच नाही आलं. बजेटचं एवढं पुस्तक पालथं घातलं मी."

शेडवाल्यांच्या बिल्डिंगा झाल्या. उशीर झाला, पण झाल्या. भागाआजीला तिच्या सुना हाताला धरून घेऊन आल्या, आणि तिची सगळी गल्ली तिच्या अवतीभवती. वास्तूची पूजा होती, मेंबरना आग्रहाचं बोलावणं. पण तोवर त्यांना जिना उतरणं संपलं होतं. गॅलरीत उभ्या राहून त्यांनी हात केला. भागाआजीला कुणीतरी सांगितलं, मेंबर वर आहेत, तर तिने भलतीकडेच तोंड करून हात जोडले.

मी लगेच कागद-पेन घेतलं. अर्ज लिहायला मला येतं. म्हटलं आता वय झालं, गुडघे गेले, डॉक्टरचा दाखला लावू, रीतसर बदली मागू. अर्जावर शेवंताची सही पाहिजे म्हणून तिच्याकडे गेले. ती कणीक मळत होती. तिने वर बघितलंच नाही.

झालं असं होतं की दरम्यान तिने गॅलरीची खिडकी उघडून दुकान मांडलं होतं. पापड, कुरडया, लोणची, पोरांना गोळ्या-बिस्किटं. सगळी कॉलनी तिच्याकडे यायची. वाळवायला तिने मळ्यातल्या एकाचं खळं धरलं होतं. सून त्याच दुकानात बसायची. आता ती चौथ्या मजल्यावर जाऊन काय करणार?

तरी एक सांगते, ती स्वतः गेली वर. मला म्हणाली, तुम्ही नका सांगू, माझं मी सांगते. मी मागोमाग गेले. पापडांचं पुडकं हातात, धाप लागलेली, दारात उभी.

मेंबरनी तिच्याकडे बघितलं आणि सगळं ओळखलं. "कोणत्या हेडखाली आलीस?"

शेवंताच्या डोळ्यांत पाणी. "धंद्याच्या."

"मग बस की. पाणी पी आधी."

"मेंबर, तुम्ही त्या वेळी हो म्हणला असता तर..."

"तेव्हाची तरतूद तेव्हाची, शेवंता. मार्च संपला की उरलेली रद्द होते, पुढच्या साली ओढता येत नाही. त्यात तू काय करशील? पापड कुठले आणलेस? मुगाचे ना? उडदाचे मला पचत नाहीत."

शेवंता जाईपर्यंत त्या तिच्या सुनेचं, दुकानाचं, तेलाच्या भावाचं विचारत राहिल्या. अर्जाचा कागद माझ्या हातात होता. तो मी घरी आणला. त्याचं पुढे काय केलं आठवत नाही.

मग आली दोरी. निळी नायलॉनची, आणि टोकाला कापडी पिशवी. भाजीची गाडी आली की त्या पिशवी खाली सोडायच्या, गाडीवाला मेथी-वांगी टाकायचा, त्या ओढून घ्यायच्या. चौथ्या मजल्यावरून भाव करायच्या! "काय रे, कोथिंबीर सोन्याची का?" खालून तो ओरडायचा, "मेंबर, तुमच्यासाठी फुकट!" "फुकट नको, खाली कर भाव!" कॉलनीत सकाळी तेवढाच त्यांचा आवाज ऐकू यायचा. मी संध्याकाळी फिरत फिरत जायची. रोज चढणं मलाही होईना, तर मग मी खाली उभी आणि त्या वर. मी पिशवीत कधी शिळ्या पोळीचा लाडू टाकायची, कधी वर्तमानपत्र. पालिकेचं बजेट मांडलं की ते पान त्यांना लागायचं. वरून ओरडायच्या, "पाण्याला वाढवलंय बघ!" मी म्हणायची, "मग काय करू, नाचू?" येणारी-जाणारी हसायची. म्हाताऱ्या आम्ही, आमचं काय.

थंडीच्या सुरुवातीला येवल्याहून मुलीचा निरोप आला की ती न्यायला येतेय. थंडीपुरतं म्हणून. जावई गाडी घेऊन येणार, खुर्चीत बसवून उतरवणार. थंडीपुरत्या गेलेल्या मेंबर परत आल्या नाहीत. तिकडे काय झालं ते मी लिहीत नाही. ते मी बघितलेलं नाही, आणि अशा वेळचं सगळ्यांचं सारखंच असतं. घराला कुलूप आहे. भाड्याने देता येत नाही, मुलीला माहीत आहे. दोरी अजून गॅलरीच्या गजाला गुंडाळलेली दिसते.

मी त्या जायच्या आदल्या संध्याकाळचं सांगते.

मी गेले तेव्हा मळ्यांवर उजेड थोडा उरला होता. कोबीला पाणी दिल्याचा वास येत होता. मी खालून हाक मारली. त्या गॅलरीत आल्या, डोक्यावरून शाल घेतलेली. न बोलता त्यांनी पिशवी खाली सोडली. भिंतीला ठेचकाळत, गरगरत आली. मी आत हात घातला. रिकामी होती.

"काय आणू?" मी ओरडले. "दुकान उघडं आहे शेवंताचं."

"काही नको."

"मग लाडू आणलाय तो घालते."

"नको. काही घालू नको. नुसती धर."

मला वाटलं दोरीला गाठ बसलीय, सोडवायचीय. मी पिशवी धरली. वर त्यांनी दोरी थोडी आवळली, हाताला ओढ कळली. मी इकडून एक बारीक हिसका दिला. वरून एक हिसका आला. मग दोघींनीही काही केलं नाही. दिवे लागले, जिन्यावरून माणसं आली-गेली, कुणीतरी विचारलं, "काय अडकलंय का मावशी?" मी मान हलवली. वर अंधार झाल्याने त्यांचा चेहरा दिसेना, शालीची कड तेवढी दिसत होती.

सोड असं त्या म्हणतील तेव्हा सोडायची, म्हणून मी हात वर करून धरून उभी राहिले. खांद्याला कळ लागली. वरून सोड काही येईना.